लहानू फिटर आणि निळं चेंबर

साल दोन हजार तेवीस. मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि लहानू फिटर बहात्तरचा. तो मात्र स्वतःला सत्तरचा सांगायचा. कोणी हिशेब विचारला तर म्हणायचा, "दोन वर्षं कोरोनात गेली. घरात बसून काढलेली वर्षं मी धरत नाही."

आता तो नाही. जालन्याला लेकीकडे राहायला गेला आणि तिकडेच गेला. मंडळाच्या पोरांनी मला सांगितलं, बाबा, फिटरवर दोन ओळी लिहून द्या, जयंतीच्या पुस्तकात छापू. दोन ओळीत मावणारा तो माणूस नव्हता. मावला असता तर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं. माझं शिक्षण चौथी, तेही पूर्ण नाही. पण गाडीचं लायसन मी पहिल्या फेरीत काढलेलं आहे, आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला शाळा लागत नाही. ज्याला लिहिण्यात चुका दिसतील त्याने त्या आपल्याजवळ ठेवाव्यात.

नाव लहानू आणि उंची सहा फूट. आमच्या भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत घरांचे पत्रे खाली आहेत, त्यामुळे त्याच्या कपाळावर कायम एक तरी खोक असायची. मुलुंडच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षं फिटरचं काम केलं. कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली, पण फिटरच्या अंगातला कारखाना काही बंद झाला नाही. सकाळी अकराला चहाचा भोंगा व्हायचा म्हणे तिथे. तर हा माणूस अकरा वाजले की हातातलं काम जिथे असेल तिथे सोडायचा. पाना नटावर अर्धा फिरवलेला असला तरी तसाच सोडायचा. वीस मिनिटं चहा. मग परत तोच पाना, तोच नट.

काम करताना तो पांढरा, इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. ऑईलमध्ये हात घालून संध्याकाळी घरी जाताना त्या शर्टावर टिपका नसायचा. मी आयुष्यभर मेकॅनिक पाहिले, सगळे कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे. मी त्याला एकदा विचारलं, हे जमतं कसं? म्हणाला, "मळलेला फिटर म्हणजे घाई केलेला फिटर." घाई हा शब्द त्याच्यासमोर काढायचा नाही. कोणी "फिटरबाबा, जरा लवकर करा ना" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "घाई असेल तर रिक्षा कर."

कारखान्याच्या आवाजाने त्याचे कान गेलेले. माणसाचं बोलणं त्याला अर्धं ऐकू यायचं. पण इंजिनाचं सगळं ऐकू यायचं. रस्त्यावरून टेम्पो गेला तर घरात जेवता जेवता मान वर करून म्हणायचा, "याचा पट्टा सैल आहे." बायको समोर बसून मीठ मागत असायची, ते ऐकू यायचं नाही.

त्याची आणखी एक सवय होती, ती मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. इंजिन खोलताना तो मोठा पुठ्ठा घ्यायचा. त्यावर पेन्सिलीने इंजिनाचं चित्र काढायचा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडून तो उभा खोवायचा. इथवर ठीक. पण बोल्टांना नंबर देण्याऐवजी तो वस्तीतल्या माणसांची नावं द्यायचा. लांब आणि वाकडा असेल तो आमच्या मंडळाचा अध्यक्ष. डोकं झिजलेला तो रेशनवाला. आटे गेलेला, म्हणजे फिरतो फिरतो पण घट्ट बसत नाही, तो विकी. विकी हा मंडळाचा सेक्रेटरी, पस्तिशीतला गडी, कानाला कायम फोन. एकदा विकीने स्वतः पुठ्ठ्यावर आपलं नाव वाचलं आणि खूश झाला. कोणता बोल्ट आहे ते त्याला कोणी सांगितलं नाही.

पुठ्ठ्यावर माझं नाव कुठे होतं ते मी विचारलेलं नाही.

तर अशा माणसाशी मी चार वर्षं बोलत नव्हतो. कारण सांगतो. माझी पिकअप, दोन हजार नऊची. मंडपाचं सामान, प्लायवूड, लग्नाची भांडी, सगळं ओढलं तिने. तिचं सगळं काम लहानूच करायचा. एकदा ठाण्याजवळ हायवेवर क्लच प्लेट गेली. भर उन्हात, गाडीत लग्नाचं सामान. मी तिथल्याच गॅरेजमध्ये ती बदलून घेतली. काय चुकलं माझं? संध्याकाळी गाडी वस्तीत आणली. फिटर दारात उभा होता. गाडी वळताना त्याने नुसता आवाज ऐकला आणि जवळ आला. बोनेटवर हात ठेवून म्हणाला,

"बाहेर जेवून आलास?"

मी म्हणालो, "नाइलाज होता."

"नाइलाज सगळ्यांचाच असतो," म्हणाला आणि गेला.

आता याला काय उत्तर द्यायचं? बायकोनेसुद्धा मला असं कधी विचारलं नव्हतं. मलाही राग आला. मी म्हटलं, मीसुद्धा बोलणार नाही. आणि मी एकदा नाही म्हटलं की नाही. चार वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो, रोज एकमेकांना पाहिलं, आणि जयभीमपलीकडे शब्द नाही. जयभीम मात्र कधी चुकवला नाही, दोघांनीही.

मार्चच्या अखेरीला पिकअपचं इंजिन बसलं. रेडिएटर गळत होता. मला माहीत होतं, मी पाणी टाकत टाकत चालवत होतो. घोडबंदरच्या चढावर काटा लाल झाला. मी म्हटलं, चढ संपला की थांबू. चढ संपायच्या आधी इंजिन संपलं. पिस्टन जाम. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली आणि वस्तीच्या तोंडाशी सार्वजनिक संडासाजवळ लावली, कारण तिथेच तेवढी सपाट जागा होती.

आणि चौदा एप्रिल तोंडावर.

हे नवख्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. आमच्या वस्तीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर सगळ्यांच्या पुढे माझ्या पिकअपमध्ये असायची. गाडी घेतली तेव्हापासून, कोरोनाची दोन वर्षं सोडून. फुलं माझी बायको बांधायची, स्टेअरिंगवर मी. कधी भाड्याच्या गाडीत तसबीर गेली नाही. माझ्या बापाने गावाला ती तसबीर डोक्यावर घेऊन मिरवली होती, त्यासाठी मारही खाल्ला होता. मी ती गाडीतून नेतो, ही माझी कमाई. बाकी कमाई विचारू नका.

विकी आला. "बाबा, टेन्शन घेऊ नका. कांदिवलीला एकाकडे मोठा ट्रक आहे, चारी बाजूंनी लाइट, एकदम झकास. तसबीर त्यात ठेवू."

मी म्हणालो, "माझी गाडी चालेल."

"बाबा, तिचं इंजिन गेलंय."

"मग दुसरं बसेल."

विकीने मंडळात विषय काढला आणि तारीख ठरली. तेरा तारखेला दुपारी बारापर्यंत माझी गाडी चालू झाली तर तसबीर माझ्या गाडीत. नाहीतर बारा वाजता कांदिवलीला फोन.

मी हो म्हणालो. मग घरी येऊन विचार केला, बसवणार कोण?

दोन मेकॅनिक बघून गेले. दोघेही म्हणाले, गाडी गॅरेजला आणा, जयंतीनंतर बघू. इकडे लहानू फिटर रोज सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभा राहायचा. माझी गाडी समोरच. तो तिच्याकडे बघायचा आणि तोंडाने "च्च" करायचा. बस, एवढंच. रांग सरकली की जायचा. असं सहा दिवस. एखाद्याने शिव्या दिल्या तर माणूस सहन करतो, पण ते "च्च" माझ्या डोक्यात गेलं.

सातव्या दिवशी मी गाडीजवळ उभा होतो, बायको पाणी भरत होती. फिटर तिला म्हणाला, "वहिनी, ड्रायव्हरला विचारा, गाडी आजारी पडली तेव्हा तिने काही सांगितलं नव्हतं का?"

मी तीन फुटांवर.

मी बायकोला म्हणालो, "फिटरला सांग, गाडी माझी आहे."

फिटर म्हणाला, "वहिनी, विचारा, इंजिन कुठून आणणार?"

"सांग, कुर्ल्याहून. भंगार बाजारातून."

"विचारा, ओळखणार कोण, चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं?"

बायकोने हंडा खाली ठेवला. म्हणाली, "मला पाणी भरायचंय. तुम्हा दोघांचं लग्न लावून द्यायला मी भटजी नाही. बोला नाहीतर मरा."

मग फिटर म्हणाला, "सकाळी आठला निघू. डबा घे."

कुर्ल्याच्या बाजारात इंजिनांचे ढीग असतात. लहानू एकेका इंजिनाजवळ उकिडवा बसायचा, हाताने फिरवून बघायचा, तेलाची कांडी काढून वास घ्यायचा. दुपारपर्यंत त्याने एक पसंत केलं. काळं, चिखल लागलेलं, म्हशीसारखं. त्याच्या शेजारी एक होतं, चंदेरी रंग दिलेलं, स्वच्छ. मला ते आवडलं. शेवटी गाडी कोणाची? मी म्हणालो, हे घेऊ. फिटरने ते फिरवून पाहिलं, वाकून खालून पाहिलं, आणि म्हणाला, "आतून बरं आहे."

"मग घेऊ ना?"

"गाडी तुझी आहे," म्हणाला. माझंच वाक्य मला परत दिलं, आणि मला तेव्हा कळलं नाही.

इंजिन उचलायला चेन कप्पी लागते आणि ती टांगायला मजबूत आधार लागतो. सगळ्या वस्तीत तसा आधार एकच. संडासाच्या दाराला लागून जुन्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा. टाकी कधीच गेली, सांगाडा राहिला. गाडी ढकलून त्याच्याखाली घेतली. अडचण एवढीच की बायकांची रांग त्याच सांगाड्याखालून आत जाते.

काम चाललं त्या चार दिवसांत मला इंजिनाबद्दल जेवढे सल्ले मिळाले तेवढे आयुष्यात मिळाले नव्हते. हातात बादली असली आणि नंबर यायला वेळ असला की प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो. "डिझेल पंप आधी काढा." "माझ्या साडूच्या गाडीला असंच झालं होतं." "मला विचाराल तर भंगारात घाला." फिटरला अर्धं ऐकू यायचं नाही म्हणून तो शांत. मला सगळं ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी जुनं इंजिन उचललं. मी साखळी ओढत होतो, फिटर हाताने सांभाळत होता. इंजिन गाडीतून सुटलं, छातीपर्यंत वर आलं, हवेत झुलायला लागलं. आणि अकरा वाजले.

फिटरने हात पुसले. दोर घेतला, सांगाड्याच्या चारी खांबांना बांधला आणि म्हणाला, "चहा."

मी म्हणालो, "अरे, हे टांगलंय."

"टांगलंय म्हणूनच दोर बांधला. टांगलेल्या वजनाखालून कोणी जायचं नाही. कारखान्याचा नियम."

बायकांची रांग थांबली. शेवंताबाई पुढे आल्या. बायकांच्या रांगेत त्यांचा शब्द शेवटचा. पदर कमरेला खोचून म्हणाल्या, "ए फिटर, दोर सोड."

फिटर बशीत चहा ओतत होता. "वीस मिनिटं, बाई."

"वीस मिनिटं? तुझं इंजिन टांगलंस, आता आम्ही काय टांगून ठेवू?"

सगळी रांग हसली. फिटरला ऐकू आलं की नाही माहीत नाही. तो उठला, बशी हातात घेऊनच पुरुषांच्या दाराशी गेला आणि आत ओरडला, "बाहेर या सगळे. वीस मिनिटं हे लेडीज आहे." आणि स्वतः दाराशी पहारा देत उभा राहिला, चहा फुंकत. पुरुष बादल्या घेऊन बाहेर ताटकळत. त्यात विकी होता, त्यात अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणाले, "अरे फिटर, कोणाला विचारून?" फिटर म्हणाला, "घाई असेल तर..." आणि थांबला. रिक्षाने जाण्यासारखं ते काम नव्हतं.

शेवंताबाई बाहेर येताना फिटरला म्हणाल्या, "उद्यापण अकरालाच टांग." त्यानंतर बायकांचा आम्हाला कसलाच त्रास झाला नाही. दुपारी कोणाच्या ना कोणाच्या घरून भाकरी यायची.

बारा तारखेला सकाळी चंदेरी इंजिन वर टांगलं आणि हळूहळू गाडीत उतरवलं. चार बोटं उरली आणि अडकलं. फिटर खाली शिरला. पांढरा शर्ट, खाली गोणपाट. बाहेर येऊन म्हणाला, "चेंबर."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात. माझ्या गाडीच्या इंजिनाला तिचा खोलगट भाग मागे, या चंदेरी इंजिनाला पुढे. पुढचा भाग गाडीच्या आडव्या लोखंडावर टेकत होता. ते म्हशीसारखं काळं इंजिन होतं ना, त्याचा मागे होता.

मी म्हणालो, "तुला बाजारात दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं.

"त्याचं काही नाही," फिटर म्हणाला. "इंजिन चांगलं आहे. जुन्याचं चेंबर काढून ठेवलंय, ते याला लावायचं. तेल ओढायची नळी पण जुनीच. अर्ध्या दिवसाचं काम." आणि तो भिंतीकडे वळला, जिथे त्याने जुनं चेंबर धुवून उपडं ठेवलं होतं.

भिंतीला काही नव्हतं.

फिटरने पुठ्ठा तपासला. सगळे बोल्ट होते, रेशनवाला, अध्यक्ष, विकी, सगळे आपल्या जागी. चेंबर नाही. मी शेवंताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मंडळाची मुलं काहीतरी घेऊन गेली काल, पत्र्याचं." मी चौकाकडे धावलो, म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. चौकात कमान उभी होती, मुलं बांबू रंगवत होती. मधे माझं चेंबर, त्यात काठोकाठ निळा ऑइलपेंट, त्यात तीन ब्रश.

विकी म्हणाला, "ट्रे वाटला, बाबा. एकदम परफेक्ट साइज होता."

मी ते चेंबर दोन्ही हातांत धरून, निळे थेंब सांडत, वस्तीतून आणलं. फिटरने पाहिलं. मला वाटलं आता हा शिव्या देणार, पाना फेकणार, घरी जाणार. त्याने एक बोट रंगात बुडवलं, उन्हात धरलं आणि म्हणाला, "रंग चांगला आहे. टिकेल."

मग बसला. दहा वाजल्यापासून पाचपर्यंत. थिनर, डिझेल, चिंधी, दात घासायचा जुना ब्रश. आतली बाजू, प्रत्येक कोपरा, प्रत्येक आटा. मी म्हणालो, बस झालं, दिसत नाही आता. तो म्हणाला, "तुला दिसत नाही. तेलाला दिसतं. आत एक कपचा राहिला तर नळीत अडकेल, आणि मिरवणुकीत तुझं इंजिन परत बसेल. मग तू म्हणशील, फिटरने केलं." विकी दोनदा येऊन फोन दाखवून गेला. "काका, उद्या बाराला त्याला कन्फर्म करायचंय, जरा फास्ट..." फिटरने मान वर न करता म्हटलं, "रिक्षा कर." बाहेरची बाजू त्याने तशीच सोडली. निळी. म्हणाला, बाहेरच्याने काही बिघडत नाही.

तेरा तारीख. साडेसातला इंजिन जागेवर बसलं, चारी बाजूंनी टेकलं. पाइप, वायरी, पाणी, तेल. मी किल्लीला हात लावला आणि फिटर म्हणाला, "अकरा."

मी त्याच्यासमोर हात जोडले. खरंच जोडले. म्हणालो, "फिटर, आजचा दिवस चहा बाराला घे."

"आजच घाई केली तर चार दिवस कशाला घालवले?" म्हणाला आणि बशी मागवली.

ती वीस मिनिटं मला बत्तीस वर्षांच्या ड्रायव्हिंगपेक्षा लांब वाटली. चौकातून विकी येताना दिसत होता. संडासाची रांग त्या दिवशी सरकतच नव्हती, ज्यांचं झालं होतं तेही परत येऊन उभे होते.

अकरा वीस. किल्ली फिरवली. इंजिन घुंघुं करतं पण पकडत नाही. परत. परत तेच. कोणीतरी म्हणालं, "वाट लागली." विकीने फोन कानाला लावला. फिटर म्हणाला, "हवा आहे डिझेलच्या लाइनीत. ड्रायव्हर, हा हातपंप दाब." मी दाबायला लागलो, तो नट सैल करून बघत बसला. फेस, फेस, नुसता फेस. माझा अंगठा सुजला. बारा वाजायला दहा मिनिटं असताना फेस थांबला आणि डिझेल सरळ यायला लागलं. त्याने नट आवळला आणि मला मान हलवून खूण केली.

पहिल्याच फेरीला पकडलं. मागून एवढा धूर आला की शेवंताबाई दिसेनाशा झाल्या. रांगेने बादल्या वाजवल्या. विकीने फोन खिशात टाकला आणि "झकास, काका, झकास" म्हणत फिटरला मिठी मारायला गेला. फिटर मागे सरला. शर्ट होता ना.

दोन मिनिटांनी त्याने हाताने खूण केली, बंद कर. म्हणाला, "पहिल्यांदा उठलंय. लगेच पळवायचं नाही."

चौदाची मिरवणूक संध्याकाळी निघाली. तसबीर माझ्या गाडीत, सगळ्यांच्या पुढे. मी फिटरला म्हणालो, शेजारी बस. तो म्हणाला, "आत बसून इंजिन कळत नाही." तो गाडीच्या बाजूने चालत राहिला, बोनेटवर हात ठेवून. मागे डीजे एवढा मोठा की माझ्या छातीतलं हाडसुद्धा हलत होतं. पोरं नाचत होती, बाया गुलाल नको फुलं टाका म्हणत होत्या, आणि हा पांढऱ्या शर्टातला उंच म्हातारा डोळे बारीक करून, पंजा पत्र्यावर टेकवून चाललेला. त्याला बिचाऱ्याला काहीच ऐकू येत नव्हतं, हे मला कळत होतं. हाताने जेवढं कळतं तेवढ्यावर तो अडीच तास चालला.

इंजिन एकदाही चुकलं नाही.

चौकात पोचलो. अध्यक्षांनी मला स्टेजवर बोलावलं, हार घातला. माइक माझ्या हातात दिला. समोर एवढी माणसं. मी म्हणालो, "माझी गाडी आजपर्यंत थांबली नाही आणि पुढेही थांबणार नाही." टाळ्या पडल्या. मी आणखी बोललो, बापाचं बोललो, तसबिरीचं बोललो. टाळ्या वाढल्या. मी माइक परत दिला.

खाली आलो तेव्हा फिटर बोनेट उघडून पाणी बघत होता. म्हणाला, "गरम नाही झालं." एवढंच म्हणाला आणि घरी गेला. मी मनात म्हटलं, त्याला ऐकू कमी येतं, स्टेजवरचं काय कळलं असणार.

घरी जाताना बायको म्हणाली, "सगळं बोललात. एक नाव सोडून."

मी म्हणालो, "राहिलं."

ती म्हणाली, "राहिलं नाही. ठेवलं."

चौसष्ट वर्षांत मी कोणाची माफी मागितलेली नव्हती. कशी मागतात तेही नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गाडी काढली आणि फिटरच्या दाराशी नेऊन हॉर्न दिला. तो बनियनवर बाहेर आला, तोंडात ब्रश.

"बस," मी म्हणालो.

"कुठे?"

"बस म्हणतो ना."

तो आत गेला. मला वाटलं आता येत नाही. पाच मिनिटांनी इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि शेजारी बसला. कालच्याच रस्त्याने मी गाडी घेतली, कालच्याच चालीने. रस्त्यावर फुलांचा कचरा, झाडूवाल्या बाया, दुसरं कोणी नाही. डीजे नाही, माणसं नाहीत. नुसतं इंजिन. फिटर काच खाली करून कान बाहेर धरून बसला होता.

नाक्यावरचा चहावाला दुकान उघडत होता. त्याने हात केला. "काय ड्रायव्हरबाबा, परत मिरवणूक?"

मी गाडी थांबवली नाही. खिडकीतून मोठ्याने म्हणालो, म्हणजे झाडूवाल्या बायांनापण ऐकू जावं, "काल तसबिरीची होती. आज लहानू फिटरची आहे. हे इंजिन त्याने बसवलंय. एकट्याने."

फिटरने माझ्या मांडीवर चापट मारली.

"गप रे," म्हणाला, "ऐकू दे जरा."

थोडं पुढे गेल्यावर त्याने हात वर केला. मी भर रस्त्यात गाडी थांबवली. तो उतरला, बोनेट उघडलं, बाह्यांची बटणं नीट लावली आणि आत वाकला. मागून कचऱ्याची गाडी हॉर्न देत आली. मी खाली उतरून तिच्या ड्रायव्हरला सांगितलं, घाई असेल तर रिक्षा कर.